मुकादमाचा कोरडा दिवस

भरे या गावात शनिवार उजाडला की दारोदार बादल्या पालथ्या पडलेल्या दिसायच्या. पाण्याची काही कमतरता नव्हती. फहमिदा फेरीला निघायची, त्याची ही तयारी असायची.

फहमिदा तांबोळी ही गावची आशाताई. डेंग्यूच्या दिवसांत आठवड्यातून एकदा घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी खसाखसा घासायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग नव्यानं भरायची, म्हणजे डासांच्या अळ्यांना थारा मिळत नाही. आरोग्य खातं याला कोरडा दिवस म्हणतं. खात्याला तो पावसाळ्याच्या मागंपुढं पाळला तरी चालण्यासारखं होतं. फहमिदा मात्र बारा महिने पाळायची आणि गावाला पाळायला लावायची. बॅटरी घेऊन ती कुणाच्याही मोरीत घुसायची, रांजणात उजेड पाडायची, आणि एखादी अळी वळवळताना दिसली की त्या घरच्या बाईची अशी हजेरी घ्यायची की पुढच्या शनिवारी ती बाई तांब्यासुद्धा उपडा घालून ठेवायची.

गावात एकच घर तिला पुरून उरलं होतं, ते म्हणजे शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या तुकाबाईचं. तिच्या गोठ्याशेजारी दगडी हौद होता आणि तो कुणी कधी रिकामा केल्याचं गावाच्या ऐकिवात नव्हतं. "चोळलेल्या हौदाला माजी शेरडं तोंड लावीत न्हाईत," तुकाबाई म्हणायची. "शेरडांना डेंगू व्हत न्हाई मावशी, तुमाला व्हईल," फहमिदा म्हणायची. हा वाद वर्षानुवर्षं चालला होता आणि दोघींनाही तो मनातून आवडत असावा, नाहीतर इतका टिकला नसता.

ओतता न येणाऱ्या अशा हौदांसाठी खात्यानं गप्पी मासे दिले होते. नखाएवढे मासे, अळ्या खातात, मागत काही नाहीत. हे मासे वाढवून घरोघरी द्यायचे म्हणून फहमिदानं ओसरीवर दोन फुटी काचेची पेटी ठेवली आणि तिथून तिला नाद लागला. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं टाकते, हे तिनं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी चुलीवरचा भात करपला. मासे झोपतात का, झोपले तर डोळे कुठं मिटतात, आई पिल्लांना ओळखते का आणि ओळखत असली तर त्यांनाच गिळायला का धावते, असे प्रश्न तिला पडू लागले. एकदा तिनं मासिक बैठकीत डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, आपण लसीकरणाचं बोलू या का?" बायका हसल्या. फहमिदाचं समाधान मात्र काही झालं नाही.

ही पेटीसुद्धा दर शनिवारी कोरडी व्हायची, हे सांगायलाच नको. गप्पी बादलीत, काच काथ्यानं घासलेली, खडे उन्हात. गप्पी बिचारे चिवट. संध्याकाळी परत पाण्यात सोडले की शेपट्या हलवत कामाला लागायचे.

मुकादमाची आणि तिची गाठ पडली तीही फेरीवरच. गावातल्या दादासाहेबांनी रस्त्याकडेला नवी इमारत बांधून हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. वरच्या मजल्यावर जान्हवी नावाची एक मुलगी एकटीच राहायची. फहमिदा आत शिरली, समोर चार फुटी काचेची टाकी दिसली, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "ह्ये पाणी कदी वतलं व्हतं?"

टाकीच्या कोपऱ्यातून तिच्या पंजाहून मोठा एक काळा मासा पुढं आला. अंगावर नारिंगी चट्टे, शेपटीपाशी डोळ्यासारखा एक गोल. तो काचेशी येऊन थांबला आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. फहमिदा डावीकडं सरकली. मासा डावीकडं सरकला. ती उजवीकडं झाली, तो उजवीकडं झाला. तिनं बॅटरी लावली तशी त्यानं काचेवर तोंड आपटलं आणि पाठ फिरवली.

"त्याला राग आला," जान्हवी म्हणाली. "ऑस्कर जातीचा मासा आहे तो. याच्या अंगात फार ॲटिट्यूड असतो. नाव मुकादम."

"मासा रागावतोय?"

"रागावतो, रुसतो, माणसंसुद्धा ओळखतो. थांबा, दाखवते."

जान्हवीनं चिमटीत खाण्याची एक गोळी धरून पाण्यावर हात नेला. मुकादम वर आला आणि तिच्या बोटांमधून अलगद गोळी काढून घेऊन गेला. "आता तुम्ही द्या," ती म्हणाली. फहमिदानं हात पुढं केला. मुकादमानं तिच्या हाताकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो तळाशी जाऊन खडे उचलून इकडचे तिकडं करत बसला.

फहमिदाला तो अपमान वाटला आणि त्याच वेळी हसूही आलं. नखाएवढ्या गप्पींनी तिच्याकडं कधी पाहिलंच नव्हतं. ती दाणे टाकणारा हात होती, बस. इथं एक जीव होता जो बघून, पारखून तिला नको म्हणत होता. मग काय, अळ्या असोत नसोत, दर शनिवारी त्या खोलीची तपासणी ठरलेलीच झाली. जान्हवी ऑफिसातून आली की हा काचेशी कसा नाचतो, टाकीपुढं झाडू आला की कसा लपतो, हे सगळं फहमिदानं पाहून घेतलं. घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची. साबीरचं पिरंगुटला वेल्डिंगचं दुकान. तो दिवसभराच्या ठणठणाटानं निम्मा बहिरा होऊन यायचा आणि म्हणायचा, "मासा वळखतो म्हण. हितं माजी गिऱ्हाइकं मला वळखत न्हाईत."

दिवाळीच्या आधी जान्हवीची कंपनीनं बंगळूरला बदली केली. तिथं ती दोन मैत्रिणींबरोबर राहणार होती. चार फुटी टाकी नेणं शक्यच नव्हतं. हिंजवडीतला तिचा एक मित्र मुकादमाला घ्यायला तयार होता, पण त्याची टाकी लहान.

"ताई, तुम्ही घ्याल?" तिनं एका शनिवारी विचारलं. "तुम्ही त्याच्याकडे बघता तसं दुसरं कुणी बघत नाही. टाकीसकट देते. पण हे गप्पींसारखं नाही हं. मोठा मासा म्हणजे मोठी घाण. दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं."

"थोडं कशापायी, समदंच बदलीन की," फहमिदा म्हणाली.

जान्हवी हसली. तिला वाटलं, ताई गंमत करताहेत. इथंच दोघींची चूक झाली, आणि त्यातली मोठी कुणाची हे पुढं कळेलच.

साबीरनं लोखंडी अँगल जोडून स्टँड केला. एवढ्या पाण्याचं वजन धान्यानं भरलेल्या कणगीसारखं, म्हणून त्यानं ओसरीची फरशी ठोकून ठोकून पाहिली आणि मगच टाकी ठेवू दिली. टाकीतलं निम्मं जुनं पाणी जान्हवीनं कॅनमध्ये भरून बरोबर आणलं होतं. पाणी गाळणाऱ्या यंत्रातला काळपट स्पंज तिनं ओलाच डब्यात घालून आणला. सगळं लावून झाल्यावर ती टाकीपुढं उकिडवी बसली, काचेला हात लावला, आणि डोळे पुसत गाडीत जाऊन बसली.

मुकादम रुसला. तो तळाशी कोपऱ्यात आडवा पडून राहिला. फहमिदानं घाबरून फोन केला, तर जान्हवी म्हणाली, "नाटकं आहेत त्याची. जागा बदलली की असंच करतो." आणि खरंच, तिसऱ्या दिवशी तो उठला. फिरू लागला, खडे उचलू लागला. पण फहमिदा चिमटीत गोळी धरून बसली की तो पाठ करायचा. ती स्वयंपाकघरात गेली की गोळ्या संपलेल्या असायच्या. ती येताजाता त्याच्याशी बोलायची, पाट टाकून समोर बसायची, हात पाण्यावर धरून धरून खांदा दुखायचा. आयुष्यात तिनं कुणाची एवढी मनधरणी केली नव्हती. त्यानं आपल्याला ओळखावं, जान्हवीच्या हातून घ्यायचा तशी आपल्या हातून एक गोळी घ्यावी, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला फार हवं होतं.

शनिवार आला. फहमिदानं विचार केला, नव्या घरी आलेल्या पाहुण्याला घर स्वच्छ करून द्यावं. काय वाटेल बिचाऱ्याला, आठवडा झाला त्याच पाण्यात आहे.

तिनं मुकादमाला मोठ्या टबात सोडलं. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. काच काथ्यानं घासली. खडे सात पाण्यांनी धुतले. यंत्रातला स्पंज हातात घेतला तेव्हा तिला शिसारीच आली. पिळला तशी त्यातून तपकिरी घाण गळायला लागली. जान्हवी चांगली मुलगी, पण शहरातल्या मुलींना घासण्याची सवय नसते, असं मनाशी म्हणत तिनं तो नळाखाली पांढरा होईतो पिळला आणि कुंपणाच्या भिंतीवर कडक उन्हात वाळत घातला. दुपारी टाकी बोअरच्या ताज्या पाण्यानं भरली. शेजारच्या बायका बघायला आल्या. साबीर म्हणाला, "काच हाय का न्हाई त्येच कळंना."

फहमिदा खूश होती. मुकादमानं त्या संध्याकाळीही पाठच केली, पण तिला वाटलं, उद्या कौतुक कळेल.

दोन दिवसांत पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ झालं. मुकादम वर येऊन तोंड उघडमीट करू लागला. कल्ल्यांच्या कडा लाल दिसत होत्या, पोहायचे पर अंगाला चिकटलेले होते. फहमिदाला एकच अर्थ लागला. पाणी घाण झालं. आणि घाण झाल्यावर काय करायचं हे तिला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. तिनं मधल्या वारीच पुन्हा कोरडा दिवस केला. पुन्हा टब, पुन्हा काथ्या, पुन्हा स्पंज भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम तळाशी पडला होता. हा पहिल्यासारखा रुसवा नव्हता. त्याचा श्वास धाप लागल्यासारखा चालला होता आणि ती काचेशी आली तरी त्याचा डोळा हलला नाही. आतापर्यंत पाठ फिरवायलाही तो तिच्याकडं आधी बघत असे. आता तेही नाही. तिनं फोन लावला आणि काय काय केलं ते एका दमात सांगून टाकलं, काही लपवलं नाही.

जान्हवीनं एकच विचारलं.

"ताई, स्पंज वाळवला? उन्हात?"

"व्हय. कडक उन्हात. दोनदा."

"त्या स्पंजमध्येच तर सगळं होतं," जान्हवी म्हणाली. "मासा पाण्यात शी-शू करतो, त्याचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन टाकणारे जंतू असतात, चांगले जंतू. ते त्या घाणीत राहतात, खड्यांवर, स्पंजमध्ये. दुधाला विरजण असतं ना, तसं. तुम्ही विरजणच धुऊन टाकलंत."

हे फहमिदाला लगेच कळलं. विरजणाचं भांडं घासून वाळवून त्यात दही लागण्याची वाट बघणारी बाई तिनं पाहिली असती तर तिला तिनं किती बोल लावले असते.

"मंग आता?"

"आता खायला देऊ नका. रोज थोडं थोडं पाणी काढा, चार तांबे काढले तर चार तांबे घाला, घासायचं काही नाही. आणि कुणाचा जुना चालू टँक आहे का गावात? किंवा मासे असलेलं जुनं पाणी, वर्षानुवर्षं न धुतलेलं? त्यातले शेवाळलेले दगड आणा. ओले आणा, वाळू देऊ नका." मग ती म्हणाली, "मी रविवारी व्हिडिओ कॉल करते. तोपर्यंत मुकादम ठीक नसला तर माझा मित्र येऊन त्याला घेऊन जाईल. सॉरी ताई. मला चिडायचं नाहीये तुमच्यावर."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं फहमिदाला वाटलं.

वर्षानुवर्षं न धुतलेलं. फहमिदा डोळ्यांपुढं गाव आणू लागली. खालच्या आळीतल्या कल्पनाच्या दारातला हौद? तो तिनंच गेल्या शनिवारी उभं राहून घासून घेतला होता. शाळेची टाकी? चकचकीत. दादासाहेबांच्या गोठ्यातली गुरांच्या पाण्याची दगडी डोणी? तिच्यात तोंड दिसायचं. जिथं जिथं तिनं गप्पी सोडले होते तिथं तिथं शनिवारी बादलीभर गप्पी बाजूला काढून हौद कोरडे होत होते, कारण फहमिदा येणार असायची. गावातली सगळी घाण तिनं स्वतःच्या हिमतीवर संपवली होती. उभ्या भऱ्यात एक ओंजळभर शेवाळ मिळायची मारामार.

ती तुकाबाईच्या गोठ्याकडं निघाली. हातात झाकणाची बादली होती आणि बॅटरी नव्हती. तुकाबाई हौदाच्या कट्ट्यावर बसून शेळीच्या पायातला काटा काढत होती.

"आज शनवार न्हाई," ती मान वर न करता म्हणाली. "आन् म्या काय हौद चोळणार न्हाई."

"चोळू नका मावशी. मला त्यातलं शेवाळ पायजेल."

तुकाबाईनं शेळी सोडून दिली. "काय पायजेल?"

"शेवाळ. तळातलं दगडं बी. माजा मासा मराय लागलाय."

फहमिदानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुकाबाईनं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली, आणि मग ती असं काही हसली की शेळ्या बावरून मागं सरल्या. हसता हसता तिला ठसका लागला. फहमिदा बादली घेऊन तशीच उभी राहिली. हे हसणं आपल्या हिश्शाचं आहे हे तिला कळत होतं.

"म्या म्हनते, मला काय ठावं न्हाई तुज्या इषाबिषातलं," तुकाबाई डोळे पुसत म्हणाली. "म्या आळसापायी चोळत न्हाई. एवढा मोटा हौद कोन चोळंल? शेरडांचं आपलं निमित्त. पर तू आज घान मागाय आलीस, आता म्या मरायला मोकळी झाले बग."

तिनं लुगडं खोचलं, बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत हौदात घातला. हिरव्यागार, बुळबुळीत गोट्यांचा एक एक जोड वर येऊ लागला. त्यांच्या भोवती गप्पी फिरत होते, चांगले टपोरे, फहमिदाच्या घासलेल्या पेटीतल्या गप्पींपेक्षा दुप्पट. ते बघून तिला काय वाटलं ते तिनं तुकाबाईला सांगितलं नाही.

"आता परत मला हौद चोळ म्हनशील?" बादली उचलून देताना तुकाबाईनं विचारलं.

"गप्पी हायेत तवर न्हाई म्हननार. पर शेजारचा तुटका रांजण फोडायचाच हाय मावशी. त्यात अळ्या हायेत."

"ही काय सुदरायची न्हाई," तुकाबाई शेळीला म्हणाली.

गोटे टाकीत उतरवताना फहमिदानं मन घट्ट केलं. तिच्या चकचकीत काचेत शेळ्यांच्या हौदाचा गाळ पसरला आणि पाणी हिरवट झालं. शेवाळात अडकून दोन गप्पीही आले होते. साबीरनं कामावरून येऊन टाकीत पाहिलं, बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि शहाण्यासारखा हातपाय धुवायला गेला.

मुकादम तसाच होता. फहमिदा पाटावर बसून त्याच्या कल्ल्यांकडं बघत राहिली. रोज तांब्यानं थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं, आणि उरलेला वेळ हात मांडीवर ठेवून बसायचं. कामाच्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. ती त्याला म्हणाली, "माज्याकडं बगू नको. कदीच बगू नको. पर जग." आणि तिला रडू आलं.

शुक्रवारी दुपारी ती अजान ऐकून डोक्यावर पदर घेत होती, तेवढ्यात टाकीत खळबळ झाली. दोन गप्पींपैकी एकच उरला होता. मुकादम गोट्यांपाशी तरंगत होता आणि त्याच्या तोंडातून एक बारीक शेपूट बाहेर डोकावत होती. ती शेपूटही आत गेली. सगळ्या गावाला गप्पी पुरवणाऱ्या फहमिदाला आपल्या गप्पीचं वाईट वाटायला हवं होतं. तिनं अल्लाचे आभार मानले आणि दुसऱ्या गप्पीकडं बघायचं टाळलं.

मग शनिवार आला आणि तिची खरी परीक्षा झाली. काचेवर हिरवट थर धरला होता. कोपऱ्यात गाळ साचला होता. काथ्या मोरीत लटकत होता आणि तिच्या हातांना नुसती खाज सुटली होती. शेवटी तिनं बॅटरी घेतली, ओसरीला कडी लावली आणि दिवसभर गावभर हिंडून सगळ्यांचे रांजण दुप्पट कडकपणे तपासले. फक्त जिथं गप्पी होते तिथं ती म्हणाली, "हा राहू द्या. ह्यो चोळू नका." बायका एकमेकींकडं बघू लागल्या. शेजारची रेश्मा तर म्हणाली, ताईंना बरं नाही का?

संध्याकाळी तिनं कडी काढली. पाणी निवळलं होतं, आपोआप, कुणी हात न लावता. मुकादम टाकीच्या मधोमध होता, पर पसरलेले, श्वास संथ. ती दारात उभी राहिली. तो वळला. मग सरळ काचेशी आला आणि तिच्याकडं बघत राहिला. ती डावीकडं सरकली तसा तोही सरकला. फहमिदानं चिमटीत गोळी धरून हात पाण्यावर नेला. तो वर आला आणि त्यानं गोळी घेतली. जान्हवीच्या हातून घ्यायचा तशी अलगद नव्हे. बोटाची सालटीसुद्धा काढली. त्या रात्री फहमिदानं ते बोट दाखवलं नाही असं एकही घर गल्लीत राहिलं नाही.

रविवारी सकाळी जान्हवीचा फोन आला. फहमिदानं पडद्यावर बघितलं. मुलीचे डोळे न झोपल्यासारखे दिसत होते.

"ठीक हाय गं त्यो. लई ठीक हाय. बग," असं म्हणत तिनं फोन टाकीपुढं धरला.

"मुकादम," जान्हवी म्हणाली. "ए मुकादम. मी आहे. बघ ना."

मुकादमानं फोनकडं पाहिलंही नाही. तो फोनच्या वरून, त्याच्या मागं उभ्या असलेल्या फहमिदाच्या तोंडाकडं बघत होता. फहमिदानं फोन डावीकडं नेला, तरी त्याची नजर तिच्यावरच. ती जराशी हलली तर तो तिच्याबरोबर हलला, आणि गोळ्यांची वेळ झाली होती म्हणून नाचूही लागला.

"तो माझ्याकडे बघतच नाहीये," जान्हवी हळूच म्हणाली. मग ती काहीच बोलली नाही.

गेले कित्येक दिवस फहमिदाला जगात हीच एक गोष्ट हवी होती. आता ती समोर घडत होती आणि तिला त्या गप्प झालेल्या फोनचं ओझं हातात पेलवेना. परक्या गावात, परक्या खोलीत बसलेली ती पोर. तिला आनंद झाला नाही. आपण तिचं काहीतरी उचलून आणलंय, असं तिला वाटलं.

"थांब पोरी. उजेड पडलाय काचेवर, त्याला दिसंना झालंय," ती म्हणाली.

टाकीच्या बाजूला कपडे ठेवायचं लोखंडी कपाट होतं. फहमिदा त्याच्या आड गेली, भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभी राहिली, आणि नुसता हात बाहेर काढून तिनं फोन काचेशी धरला. मुकादम गोंधळला. समोरचं तोंड नाहीसं झालं होतं. तो टाकीत दोनदा इकडून तिकडं गेला. मग रोज गोळी देणारा हात त्याला दिसला, आणि तो त्या हाताकडं, म्हणजे फोनकडं, सरळ चालून आला. काचेला तोंड लावून तो थांबला.

"ताई," जान्हवी म्हणाली. "ताई, बघितलंत? ओळखलं त्यानं मला."

"मंग. इसरतोय व्हय?" कपाटामागून फहमिदा म्हणाली.

जान्हवी हसत होती, रडत होती, मुकादमाला आपल्या ऑफिसातल्या गोष्टी सांगत होती. फहमिदाचा हात अवघडून गेला तरी तिनं तो खाली घेतला नाही. शेवटी जान्हवी म्हणाली, "मी मित्राला सांगते, येऊ नको म्हणून. तुमच्याकडेच राहू दे त्याला. पण मला मधूनमधून असा फोन लावून द्याल? नाहीतर हळूहळू विसरेल तो."

"लावीन की. दर रईवारी लावीन," फहमिदा म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तांबोळ्यांच्या ओसरीवर हा प्रकार चालतो. फहमिदा कपाटाआड उभी राहते, हात तेवढा बाहेर. साबीरनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं विचारलं, "अगं, अशी लपून का हुबी?" तिनं बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं. पलीकडून एक मुलगी मुकादमाला आठवडाभराचं सगळं सांगते, आणि मुकादम त्या हाताकडं बघत शेवटपर्यंत काचेशी उभा असतो.